सातव्या व्हॉल्व्हनंतर

सावद्याहून चिनावलच्या वाटेवर
मोटारीच्या खोलीत रात्रीचे पावणेदोन.
लाईट आत्ता आली, सकाळी जाईल.
युरियाच्या दोन गोण्यांवर माझा लॅपटॉप,
भिंतीवर आमच्या कंपनीचा डबा,
बारा व्हॉल्व्ह,
त्यातले सात उघडतात.

जळगावात, टेबलावर, बाराच्या बारा उघडायचे.
तिथे पाणी नव्हतं, केळी नव्हत्या,
बारा दिवे होते आणि एसी.

लिस्ट मीच निवडली होती: एका दिशेची, साधी.
प्रत्येकाला फक्त पुढचा ठाऊक,
मागे कोण होतं ते कुणी विचारायचं नाही.
दुहेरी घे, कपिलेश भंगाळे म्हणाला होता,
मधूनच एखादा काढावा लागला तर?
मी म्हणाले, आठ केबी रॅम, नोडमागे चार बाइट जास्त.
बारा चोक अठ्ठेचाळीस.
अठ्ठेचाळीस बाइट म्हणजे देवनागरीची सोळा अक्षरं,
तीही काना-मात्रा वेगळ्या मोजून.
एवढ्यासाठी मी भांडले.

डीबगर सांगतो: ओळ दोनशे चौदा.
दोनशे चौदावर एक मॅक्रो आहे, बस.
आत पाऊल टाकता येत नाही,
उंबऱ्यावरूनच तो पलीकडे उडी मारतो.
मग मी कंपायलरला म्हणते,
पुढे जाऊ नकोस, नुसतं उलगडून दाखव.
चार हजार ओळी ओततो तो पडद्यावर,
आणि त्यांच्या तळाशी माझा लूप, उघडा:
याचं काम कर,
वेळ संपली असेल तर याला काढून टाक,
मग यालाच विचार, पुढचा कुठे आहे.

यालाच.
ज्याची जागा मी आत्ताच सोडून दिली.

टेबलावर ती जागा तशीच पडून राहायची.
गेलेला नोडसुद्धा खरा पत्ता सांगायचा.
इथे ओलावा मोजणारी तार मिनिटामिनिटाला बोलते
आणि तिचा आकडा नेमका तिथेच येऊन बसतो.
एकतीस टक्के.
डबा एकतीस टक्के नावाच्या पत्त्यावर
आठवा व्हॉल्व्ह शोधायला निघतो.

दारात नामदार तडवी चुना मळत बसलेला.
काय सापडलं, म्हणतो.
मी सांगते, बोटांनी, गोणीच्या कडेवर सात खुणा करून.
तो ऐकतो, थुंकून येतो.
"घड कापल्यावर मायले कोयता लावाच लागते, ताई.
पन आधी पुढचं पील नजरीत धरा लागते.
मंग कोयता."

त्याच हेडरमध्ये, सतरा ओळी खाली,
हेच लिहिलेलं होतं.
नावापुढे सेफ जोडलेला दुसरा मॅक्रो,
त्याला एक जादा पॉइंटर लागतो,
जो काहीच करत नाही, फक्त पुढचं धरून ठेवतो.
मी कधी वाचलंच नव्हतं तिथवर.

दोन चाळीसला नवा कोड डब्यात.
सातवा बंद.
नळीतून आधी हवा, मग एक खोकला,
मग पार टोकाच्या ओळीत काहीतरी ठिबकायला लागल्याचा
आवाज, किंवा नुसता मला वाटलेला.
नामदार टॉर्च घेऊन जातो, अंधारातून ओरडतो:
चालू हाये!

परत येतो, चपलांना गारा, उंबऱ्यावर घासतो.
मी केबल गुंडाळत असते.
"पन ताई, एक इचारू?
धरेल पील
रातच्याले डुकरानं उकरलं, त?"

सातव्याचं काम चालू असताना
मालकाने नाशकातून, फोनवरून, आठवा रद्द केला तर.

मी गुंडाळलेली केबल पुन्हा सोडते.
दोनशे चौदा.
तो आपली पिशवी उशाला घेऊन आडवा होतो,
पाच मिनिटांत घोरतो.